राउंडला सिस्टरने आधी बोलावं का? (एनआयसीयू, एसएनसीयू म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता आणि विशेष काळजी कक्षांत काम करणारे आणि ज्यांची बाळं तिथे होती ते, सगळ्यांसाठी)

रातपाळी
नमस्कार मंडळी. मी नवजात अतिदक्षता कक्षात अधिपरिचारिका आहे. आधी खाजगीत होते, आता सरकारीत आहे. हा विषय इथे मांडतेय कारण इथे डॉक्टर, सिस्टर आणि आईबाप तिघंही वाचतात.

आमच्याकडे सकाळचा राउंड असा असतो. पुढे सर, त्यांच्या बाजूला फाइल धरलेला निवासी डॉक्टर, मग इंटर्न. त्या बाळाची सिस्टर सगळ्यांच्या मागे, वॉर्मर (बाळाला ऊब देणारा पाळणा) आणि भिंतीच्या मधल्या सांदीत. केस निवासी डॉक्टर सांगतो. वजन, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), फीड किती पचलं, लघवी किती झाली. हे सगळे आकडे सिस्टरनेच तक्त्यावर लिहिलेले असतात. तिला प्रश्न येतो तो शेवटी, "सिस्टर, सीबीसीचा रिपोर्ट आला का?" एवढाच.

माझं म्हणणं असं की प्रत्येक वॉर्मरपाशी पहिलं बोलणं सिस्टरचं असावं. बाळाची रात्र कशी गेली, आत्ता कसं वाटतंय, तिला कशाची काळजी वाटते. मग डॉक्टरांनी केस सांगावी.

कारण सांगते. बाराशे-तेराशे ग्रॅमचं बाळ आहे. एरवी नळीला हात लावला की तोंड वाकडं करतं, पाय झाडतं. आज नुसतं पडून आहे. हात लावला तर पोट गरम, तळवे गार. मांडीवर जाळीसारखे डाग. फीडच्या आधी नळीतून मागे ओढलं तर हिरवट काहीतरी आलं. मॉनिटर अजून अगदी ठीक दाखवतोय आणि ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू शोधणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस आहेत. "बाळ आज नेहमीसारखं नाही" हे लिहायला तक्त्यात रकानाच नाही, आणि ते कळतं कुणाला, तर जी दर दोन-तीन तासांनी फीड देते आणि लंगोट बदलते तिला.

तुमच्याकडे कसं चालतं? पटलं नाही तरी लिहा.

हळदीचं_दूध
अनुमोदन. आमचा मुलगा असाच एका कक्षात होता. डॉक्टर दिवसातून दोनदा दिसायचे. त्याच्या बारीकसारीक सवयी आम्हाला सिस्टरनेच सांगितल्या.

डॉ_पायवाट
ताई, राग मानू नका, पण मी त्या फाइल धरणाऱ्या जमातीतला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सकाळी राउंडला उभी असते ती मॉर्निंगची सिस्टर. ती नुकतीच ओव्हर (आधीच्या पाळीकडून बाळांची माहिती) घेऊन आलेली असते. रात्र तिने पाहिलेलीच नसते, मग ती पहिलं काय सांगणार? नाइटच्या सिस्टरने जे सांगितलं तेच ना? त्यापेक्षा मी रात्रभर तिथेच होतो. पस्तीस बाळं, एक निवासी डॉक्टर, मध्येच लेबर रूमचा कॉल. प्रत्येक वॉर्मरपाशी दोन मिनिटं वाढवली तर राउंड तासाभराने लांबतो आणि तेवढा वेळ शिरेत लाइन्स टाकणं, एलपी (पाठीच्या कण्यातून पाणी काढणं), डिस्चार्ज सगळं खोळंबतं.

आणि जबाबदारीचं काय? बाळाचं काही बरंवाईट झालं की पत्रकावर सही माझी असते.

मीठभाकर
"सही माझी असते" हे वाचून सगळ्या सिस्टर आपापलं रजिस्टर घेऊन धावत येणार बघा आता. :)

रातपाळी
@डॉ_पायवाट, राग कशाला येईल? ओव्हरचा मुद्दा अगदी बरोबर आहे. म्हणून राउंड ओव्हरच्या वेळेला जोडून हवा, म्हणजे नाइटची सिस्टर आणि मॉर्निंगची सिस्टर दोघी वॉर्मरपाशी असतील. आमच्याकडे आठला ओव्हर आणि राउंड साडेनऊ-दहाला. मधल्या वेळात नाइटची सिस्टर घरी जाऊन झोपलेली असते आणि तिला ठाऊक असलेलं निम्मंअधिक तिच्याबरोबर घरी गेलेलं असतं.

@मीठभाकर, रजिस्टरं पाच आहेत, सगळी आणते. :)

डॉ_अंगणवारा
मी नवजात शिशुतज्ज्ञ आहे, कन्सल्टंट. रातपाळीताईंशी सहमत, आणि केवळ सौजन्य म्हणून नाही.

२०१५ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवजात कक्षातली २४ पथकं घेतली, डॉक्टर आणि नर्स एकत्र. सरावासाठी प्रसंग दिला तो अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तब्येत एकदम ढासळण्याचा. आतड्याला एनईसी (आतडं सुजून त्याचा भाग मरण्याचा आजार) झालेलं. बाहेरून आलेला एक 'तज्ज्ञ' काही पथकांशी तुसडेपणाने बोलला. शिवीगाळ नाही, हात उगारणं नाही, नुसते खालच्या सुरातले शेरे, तेही त्यांच्या त्या कामाबद्दल नव्हेच. बाकीच्या पथकांशी तो साधं बोलला. तुसडं बोलणं ऐकलेल्या पथकांचं निदानही कमी पडलं आणि प्रत्यक्ष हाताची कामंही. कारण तपासलं तर या पथकांतले लोक एकमेकांना माहिती कमी सांगत होते आणि मदतही कमी मागत होते.

हे वाचल्यापासून राउंडमधल्या आवाजाकडे मी औषधाच्या डोसइतकंच लक्ष देतो. सिस्टर बोलली नाही तर बाळाबद्दलची माहिती माझ्यापर्यंत येत नाही, इतका हा साधा व्यवहार आहे.

@डॉ_पायवाट, सहीबद्दल. औषधाची ऑर्डर तुमची, पण जेन्टामायसिन या अँटिबायोटिकचा डोस काढून, पातळ करून शिरेत सोडणारी ती असते. नवजात बाळात दशांश चिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो. म्हणून औषध दोघींनी तपासायचं असतं, आणि शंका आली तर तिने तुम्हाला थांबवायचं असतं. जी राउंडला एकदाही बोललेली नाही ती रात्री तीन वाजता "सर, हा डोस जास्त वाटतोय" असं म्हणायला धजेल का?

सोलापुरी_चादर
धागा वाचतोय. माझ्या बहिणीची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पाठवला.

तळहात
मी सिस्टर नाही. माझी आई एका मोठ्या रुग्णालयाच्या नवजात कक्षात मावशी होती, निवृत्त झाली. या गप्पांत मावशींचं नाव कुठेच आलं नाही म्हणून लिहितेय.

दारातला बेसिन तिच्या ताब्यात असायचा. कोपराने उघडायचा नळ, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढल्याशिवाय आत सोडायची नाही. एकदा खुद्द विभागप्रमुख घाईने आत शिरत होते. ती आडवी झाली आणि म्हणाली, "साहेब, घड्याळ." ते थांबले, घड्याळ काढून खिशात टाकलं, कोपरापर्यंत हात धुतले. पुढे नवीन बॅच आली की ते मुलांना सांगायचे, दारात या मावशींचं ऐकायचं, आत माझं. आई ही गोष्ट अजून सांगते. पगार होता तेवढाच होता, पण त्या एका वाक्यावर तिने पुढची सगळी नोकरी ताठ मानेने केली.

रातपाळी
@तळहात, आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे दारात कुणी असं उभं राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

तारतम्य
मी बायोमेडिकलचा माणूस, वॉर्मर-व्हेंटिलेटर सांभाळणारा. या कक्षांत आमचं नातं म्हणजे "मशीन बंद पडलं, लवकर या" एवढंच. खरं तर अलार्म कुठे लावायचा हे डॉक्टर, सिस्टर आणि आम्ही एकत्र बसून ठरवायला हवं.

ऑक्सिजनचंच घ्या. अपुऱ्या दिवसांचं बाळ ऑक्सिजनवर असेल तर सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५ ठेवायचं असतं. शंभर दिसलं की बाहेर नातेवाईक खूश होतात, पण जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होते. वरची मर्यादा लावलेली नसेल तर मॉनिटर शंभरलाही गप्प बसतो. आणि लावलेली असेल तर सारखा वाजतो म्हणून कुणीतरी ती काढून टाकतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रातपाळी
@तारतम्य, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. बाळाचा श्वास थांबतो, सॅच्युरेशन सत्तरवर येतं, कुणीतरी धावत येऊन ब्लेंडरचा (हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण ठरवणाऱ्या यंत्राचा) खटका चाळीस टक्क्यांवरून साठवर नेतं, बाळ सावरतं, आणि तो माणूस पुढच्या बाळाकडे जातो. खटका साठवरच. मी जिथे आधी होते तिथे नियम होता: ज्याने ऑक्सिजन वाढवला त्याने तो परत खाली आणेपर्यंत वॉर्मर सोडायचा नाही, मग तो प्रोफेसर असो की स्टुडंट नर्स. या एका नियमामुळे डॉक्टर वॉर्मरपाशी थांबायला लागले, आणि थांबले की बोलणं आपोआप व्हायचं.

मीठभाकर
हा नियम घरी पंख्याच्या रेग्युलेटरलाही लावतो आजपासून.

डॉ_ओटीभरण
स्त्रीरोगतज्ज्ञ. आमच्या आणि बालरोगवाल्यांच्या नात्यावर वेगळा धागा काढावा लागेल, पण थोडक्यात लिहिते.

मुदतीआधी कळा सुरू झालेली बाई येते. २४ ते ३४ आठवड्यांत असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचं, ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार डोस. सरकारी सूचनांप्रमाणे पाठवण्याआधीचा पहिला डोस एएनएमसुद्धा (गावपातळीवरची नर्स) देऊ शकते. आता तिने डोस दिला आणि चिठ्ठीवर लिहिलाच नाही, तर माझ्याकडे बाई आल्यावर मी अंधारात, आणि बाळ झाल्यावर बालरोगवाले त्याहून अंधारात. मग फोनवर आवाज चढतात. ते म्हणतात "डिलिव्हरी होईपर्यंत आम्हाला कळवत का नाही?", आम्ही म्हणतो "कॉल दिला होता, तुमचाच माणूस आला नाही."

यावर आमच्याकडे चाललेला उपाय साधा आहे. संध्याकाळी पाच वाजता लेबर रूमची सिस्टर नवजात कक्षाच्या सिस्टरला फोन करते: आज रात्री कोण कोण बाळंत होण्यासारखं आहे, किती आठवडे, स्टेरॉइडचे किती डोस झाले. डॉक्टरांना मध्ये घेतलेलंच नाही, आणि भांडणं खूप कमी झाली.

डॉ_पायवाट
@डॉ_ओटीभरण मॅडम, हा फोन आमच्याकडे सुरू झाला तर माझी निम्मी रात्र वाचेल. विचारतो उद्याच.

थेम्सकाठ
मी मूळची सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये नवजात कक्षात नर्स. इकडे अनुभवी नर्सना वरचं शिक्षण घेऊन नर्स प्रॅक्टिशनर होता येतं. त्या बाळाला नळी घालतात, लाइन टाकतात, डॉक्टरांच्याच रोटावर (पाळ्यांच्या यादीत) ड्यूटी करतात. नवीन आलेला डॉक्टर हे सगळं त्यांच्याकडूनच शिकतो. "सिस्टर आधी बोलेल का" हा प्रश्नच उरत नाही, कारण कधी कधी राउंड तीच घेत असते.

पण इकडे सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. इथेही नर्सची टंचाई आहे, आणि थकलेली माणसं तिथल्यासारखीच एकमेकांवर खेकसतात.

डॉ_अंगणवारा
@थेम्सकाठ, तुमच्या मुद्द्याला जोडून आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) झालाय का हे ठरावीक लक्षणांवरून ओळखायचं आणि घरीच जेन्टामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते काम आलं, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. गावातली, जेमतेम शाळा शिकलेली बाई बाळ पाहून सांगू शकते की हे आजारी आहे. मग तीन-चार वर्षं नर्सिंग शिकलेल्या आणि रोज हेच काम करणाऱ्या सिस्टरचं म्हणणं आम्ही रिपोर्ट येईपर्यंत का थांबवून ठेवतो?

करार_संपला
सगळं छान चाललंय, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. कायम आणि कंत्राटी.

भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर एसएनसीयूला आग लागली, दहा बाळं गेली. सात बाळांना बाहेर काढता आलं. त्यानंतर कारवाई झाली ती कशी? कायम असलेले निलंबित झाले, कंत्राटी असलेल्यांच्या सेवाच संपवल्या, त्यात नर्स होत्या. चूक कुणाची होती यावर मी इथे बोलणार नाही. पण अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करणारी मुलगी राउंडला सरांसमोर "मला हे पटत नाही" म्हणेल, अशी अपेक्षा करण्याआधी तिच्या पायाखाली काय आहे ते बघा.

आणि संख्या. एसएनसीयूच्या नियमात तीन ते चार बेडला प्रत्येक पाळीत एक नर्स सांगितली आहे. मी एका पाळीत याच्या दुप्पट-तिप्पट बाळं सांभाळलीत, एका वॉर्मरवर दोन-दोन. तेव्हा कुठल्या बाळाची रात्र कशी गेली हे सांगायला तेवढं बघायला तरी मिळालं पाहिजे.

रातपाळी
@करार_संपला, तुमचं सगळं मान्य. माझ्याबरोबरच्या निम्म्या मुली कंत्राटी आहेत. म्हणूनच हे सिस्टरच्या धीटपणावर सोडून चालणार नाही असं मला वाटतं. सरांनीच विचारायचं, रोज, प्रत्येक बाळापाशी, सिस्टर कायम असो की कंत्राटी. विचारल्यावर उत्तर देणं वेगळं आणि न विचारता बोलणं वेगळं.

काटेकोर
सगळा दोष डॉक्टरांवर टाकू नका. मी इंटर्न असताना ज्या जुन्या सिस्टर होत्या, त्यांच्यापेक्षा सर परवडले असं वाटायचं. आणि त्या आपल्याच नवीन मुलींना सगळ्यांसमोर फाडून खायच्या. केरळहून आलेल्या एका मुलीला मराठी येत नाही म्हणून ओव्हर घेताना मुद्दाम भराभर बोलायच्या. ओव्हर नीट मिळाली नाही तर त्याची झळ बाळाला.

रातपाळी
@काटेकोर, हे खरं आहे, आणि सिस्टर लोकांनी हे ऐकलंच पाहिजे. ओव्हर वॉर्मरपाशी, बाळाकडे बघत आणि छापील कागदावरून दिली तर भाषेचा अडसर पुष्कळ कमी होतो.

चिमणीची_आई
मी मुंबईची. माझी मुलगी ३० आठवड्यांत जन्मलेली, ११५० ग्रॅम. ती आता शाळेत जाते, तेव्हा काळजी नको.

तुम्ही सगळे डॉक्टर आधी की सिस्टर आधी यावर बोलताय. मी रोज तिथे होते आणि मला राउंडच्या वेळी बाहेर काढायचे. काचेतून तोंडं हललेली दिसायची. नंतर निवासी डॉक्टर म्हणायचे "फीड वाढवलंय", सिस्टर म्हणायची "आज फीड थांबवलंय", आणि दोघंही आपापल्या वेळेपुरते बरोबर असायचे. मला मात्र रात्रभर झोप नाही.

बदल झाला तो कांगारू केअर सुरू झाल्यावर. दिवसाचे कितीतरी तास ती माझ्या छातीवर असायची. एका दुपारी मला तिचा श्वास वेगळा वाटला. मॉनिटर ठीक होता. मी सिस्टरला म्हटलं, तिने मला "तुम्हाला वाटतंय फक्त" असं न म्हणता लगेच डॉक्टरांना बोलावलं. इन्फेक्शनची सुरुवात होती. त्या सिस्टरचं ऋण मी विसरणार नाही.

डॉ_अंगणवारा
@चिमणीची_आई, लिहिलंत ते फार बरं झालं. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना कक्षात घेऊन बाळाची काळजी शिकवायचं काम झालं, आणि त्यावरून २०१७ साली देशभरासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला कांगारू केअरचा अभ्यास आला. जन्मल्या जन्मल्या, बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता, आईजवळ ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. यासाठी आईचा पलंगच नवजात कक्षात हलवावा लागला. म्हणजे बाळंतिणीला बघायला प्रसूतीच्या सिस्टर आणि डॉक्टर आमच्या कक्षात येणार. आजवर ज्यांच्याशी बोलणं फक्त फोनवर व्हायचं ते रोज एका खोलीत. माझ्या मते दोन विभागांतली कुरबूर कमी करायला यापेक्षा चांगला मार्ग नाही.

डॉ_ओटीभरण
+१. फक्त त्या खोलीत आम्हालाही एक खुर्ची ठेवा.

डॉ_पायवाट
मूळ प्रश्नाकडे परत येतो. चार-पाच दिवस या धाग्यावर विचार केला. सगळ्या पस्तीस बाळांना सिस्टरचं पहिलं वाक्य, हे आमच्या मनुष्यबळात जमेल असं मला अजूनही वाटत नाही. पण व्हेंटिलेटर आणि सीपॅपवरची (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरची), १५०० ग्रॅमच्या आतली आणि सिस्टरने स्वतः "हे बघा" म्हटलेली, एवढ्या बाळांना नक्की जमेल. ती दहा-बारा होतात. आणि राउंड साडेआठला घ्यायचा म्हणजे नाइटची सिस्टर भेटेल. तिला घरी जायला अर्धा तास उशीर होईल, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा ताई.

रातपाळी
@डॉ_पायवाट, "सिस्टरने स्वतः म्हटलेली" हा तिसरा प्रकार तुम्ही घातलात, त्यातच माझी निम्मी मागणी आली. मनापासून आभार. उशिराचं म्हणाल तर ज्या बाळांचं बोलायचंय ती आधी घ्या, बाकीची नंतर. पंधरा मिनिटांत नाइटची सिस्टर मोकळी होईल. लहान मूल घरी असलेल्या सिस्टरला हेसुद्धा जड जातं, तेव्हा तिची बाळं सगळ्यात आधी.

करार_संपला
आणि रात्रीचं? रात्री राउंड नसतोच.

डॉ_अंगणवारा
आमच्याकडे रात्री सिस्टर मला थेट फोन करू शकते. निवासी डॉक्टरला आधी सांगायचं, दहा मिनिटांत कुणी बाळाजवळ आलं नाही किंवा तिचं समाधान झालं नाही तर सरळ मला. फोन विनाकारण वाटला तरी मी तिला तसं म्हणत नाही. सुरुवातीला निवासी डॉक्टरांना हे आपल्या डोक्यावरून गेल्यासारखं वाटलं, त्यावर दोन बैठका झाल्या, अजूनही सगळ्यांना पूर्ण पटलेलं नाही.

डॉ_पायवाट
मलाही पूर्ण पटलेलं नाही सर. दहा मिनिटं फार कमी आहेत. लेबर रूममध्ये बाळाला बॅगने श्वास देत असेन तर मी येणार कसा?

रातपाळी
तेव्हा तर सिस्टरने वर फोन केलाच पाहिजे ना डॉक्टर, तुमच्याही मदतीसाठी. सोमवारी आमच्या इन्चार्ज सिस्टर आणि मॅडमसमोर दोन्ही गोष्टी ठेवतेय: साडेआठचा राउंड आणि रात्रीचा फोन. नर्सिंग स्टेशनवर लावायला कागदही तयार केलाय. दहा मिनिटं ठेवू की पंधरा, ते सांगा.